रेषेवरचा कॅच आत की बाहेर? कॉल देताना या चुका टाळा

जागतिक संघटनेच्या नियमांनुसार अल्टिमेटमध्ये, म्हणजे फ्रिस्बीसारख्या उडत्या डिस्कने खेळायच्या सांघिक खेळात, पंच नसतो. आत की बाहेर, हे खेळाडूच ठरवतात आणि तिथेच पहिली चूक होते: सर्वांत जवळचा खेळाडू सर्वांत आधी ओरडतो. झेल घेणाऱ्याची आणि त्याच्यामागे धावणाऱ्या डिफेंडरची नजर डिस्कवर असते, पायांवर नाही. रेषेच्या सरळ रेघेत उभा असलेला खेळाडू तीस मीटर दूर असला तरी त्याला पाय आणि रेषा यांमधली फट दिसते. मैदानाच्या मधून तिरकं पाहणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून ओरडण्याआधी विचारा, "नीट कुणाला दिसलं?" आखलेल्या रेषा नसतील तर कडेला ठेवलेल्या एका शंकूपासून (कोन) दुसऱ्या शंकूपर्यंत नजर सरळ लावा. बाहेर उभ्या सहकाऱ्याला काय दिसलं ते विचारायला हरकत नाही, पण कॉल खेळाडूनेच द्यायचा.

रेषा मैदानाचा भाग नाही. तिला पाय लागला की बाहेर. इतर खेळांची सवय असलेले इथे हमखास फसतात.

हवेत झेल घेतल्यावर पहिला स्पर्श कुठे झाला एवढंच पाहा. एक पाय आत टेकला आणि झेल हातात पक्का राहिला, तर दुसरा पाय वेगामुळे बाहेर गेला तरी कॅच वैध. खेळाडूने आत येऊन पिव्होट करायचं, म्हणजे एक पाय जागेवर रोवायचा. उलट, बाहेरून उडी मारून मैदानावर हवेत डिस्कला हात लावणारा आक्रमक संघाचा (डिस्कवर ताबा असलेल्या संघाचा) खेळाडू बाहेरचाच. डिफेंडरला मात्र हा नियम नाही. तो कायम आतला धरला जातो, त्यामुळे बाहेर उभं राहून त्याने डिस्क आत टोलवली तरी खेळ चालूच.

डिस्क बाहेर जाऊन परत आत आली तरीही थांबू नका. बाहेर कशालाही लागेपर्यंत ती खेळात आहे. अशा वेळी घाईने "आऊट" म्हणणाऱ्यामुळे चांगला पॉइंट वाया जातो, हे खरंच वाईट वाटतं.

डिस्क बाहेर पडल्यावर ती जिथे पडली तिथून खेळ सुरू करू नका. ती शेवटची मधल्या झोनवर (दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे सोडून उरलेल्या मैदानावर) होती किंवा आतल्या खेळाडूला लागली, ती जागा शोधा. पुल (पॉइंट सुरू करणारा थ्रो) आधी मैदानात पडून मग बाहेर घरंगळला असेल, तर ब्रिक, म्हणजे मैदानातल्या ठरावीक खुणेवरून सुरुवात, मागता येत नाही.

आणि चर्चेनंतरही काय झालं हे स्पष्ट नसेल, तर ताणू नका. ज्याच्या ताब्याबद्दल वाद नाही, त्या शेवटच्या थ्रोअरकडे डिस्क परत द्या.