ड्रोन हल्ल्याची बातमी लिहिताय? या चुका टाळा

१७ ऑक्टोबर २०२२. सकाळी कीववर रशियाने सोडलेली इराणी बनावटीची शाहेद-१३६ ड्रोन आदळली आणि आमच्या डेस्कवर कॉपी आली: ‘प्रत्येकी १ कोटी ६० लाखांची ड्रोन’. एजन्सीच्या मजकुरात होते २० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १६ लाख. एक शून्य वाढलं होतं, आणि पान सोडायच्या घाईत मीही ते पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचा फोन आला. ‘अहो, मग ही स्वस्त कशी?’ मला उत्तर देता येईना. त्या बातमीचा जीवच स्वस्तपणात होता.

शाहेदच्या किमतीचे अंदाज २० ते ५० हजार डॉलरच्या घरात आहेत. ती पाडणाऱ्या पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक पॅक-३ क्षेपणास्त्र सुमारे ४० लाख डॉलरचं. म्हणून ‘इतकी पाडली’ एवढ्यावर मथळा करू नका, कशाने पाडली ते शोधा. युक्रेनचे सैनिक पिकअपवर मशीनगन लावून रात्र रात्र का जागतात, ते या हिशेबातूनच कळतं. शिवाय रशिया सोबत गेर्बेरासारखी फोमची फसवी ड्रोनही सोडतो, तेव्हा पाडलेल्यांत ती किती होती, तेही विचारा.

मी रुपयांचा हिशेब अजून कागदावरच मांडतो, शून्यं मोजून. फोनवरून उचलून चिकटवलेला आकडा माझ्या हातून पुढे जात नाही. नव्या मुलांना यात वेळ जातो असं वाटतं. खुलासा छापायला याहून जास्त वेळ जातो.

फोटोचं तसंच. शाहेदच्या बातमीला बायरक्तार या तुर्की ड्रोनचा फोटो लावू नका. बायरक्तार मारा करून तळावर परततं, शाहेद लक्ष्यावर आदळून संपतं. साडेतीन मीटर लांबी, त्रिकोणी पंख, मागे पंखा. आवाज असा, की युक्रेनमध्ये लोक त्याला मोपेड म्हणतात.

‘गेरान-२’ हे वेगळं ड्रोन नव्हे, शाहेदचंच रशियन नाव.

आणि नागपुरात बनणाऱ्या नागास्त्र-१ या ड्रोनला ‘भारताचं शाहेद’ म्हणू नका. ते जवान पाठीवर नेतो, त्यात स्फोटकं किलोभर. शाहेदमध्ये ४०-५० किलो. लक्ष्य सापडलं नाही, तर नागास्त्र माघारी बोलावून पॅराशूटने उतरवता येतं.