कंपनीची वेबसाइट काढताय? या चुका टाळा

“साइट उघडंना झालीय, जरा बघा की.” असा फोन आला की मी लगेच साइट बघायला जात नाही. आधी विचारतो, “मालक, डोमेन कुणाच्या नावावर आहे?” पलीकडं थोडा वेळ नुसता मागांचा खडखडाट ऐकू येतो. मग उत्तर येतं, “ते त्या पोराला माहीत असेल.”

पंधरा वर्षं मी सोलापुरात हेच काम करतोय. टॉवेल, चादर, शाळेचे गणवेश, शेंगाचटणी, डाळिंब, दवाखाने, शिकवण्या, सगळ्यांच्या साइट केल्या, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त केल्या. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या बैठकीत सापडतं. तिथं मालक म्हणालेले असतात, “मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा.” कारखान्यात सूत बोटांत धरून तपासणारा माणूस वेबसाइटच्या वेळी मात्र हात झटकतो.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो.

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षाच्या हिशोबानं घ्यावा लागतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. नोंदणीत ज्याचं नाव, डोमेन त्याचं. पैसे तुम्ही दिले असतील, पण वेळ आली की ते सिद्ध करत बसावं लागतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. मालकांच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं त्यांना हौसेनं साइट करून दिली. डोमेन घेतलं त्या दिवशी मालक गावाला गेलेले, ओटीपी कुणाच्या तरी मोबाइलवर यायला हवा होता, म्हणून पोरानं स्वतःचा नंबर आणि स्वतःचं जीमेल टाकलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पुढं पोरगा शिकला, बंगळुरूला नोकरीला लागला, नंबर बदलला. कारखान्याचे ईमेलही त्याच डोमेनवर चालत होते.

एका सोमवारी साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसायला लागलं. सगळ्यांना वाटलं सर्व्हरची गडबड असेल, होईल नीट. खरा फटका ईमेलला बसला होता. परदेशातल्या एका खरेदीदाराकडं नमुने गेले होते, त्याचं उत्तर यायचं होतं, आणि त्याचे ईमेल परत जात होते. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्यानं व्हॉट्सॲपवर विचारलं, “कंपनी चालू आहे ना?”

मी पोचलो तेव्हा मालक त्याच नमुन्यातला टॉवेल हातात घेऊन बसले होते. अंगठ्यानं त्याची कडेची शिलाई दुमडायचे, सोडायचे, परत दुमडायचे. मला म्हणाले, “माल माझा, पैसे माझे, आणि नाव त्या पोराचं?”

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की बहुतेक रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपन्या, काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. ते दिवस किती, हे प्रत्येकाचं वेगळं. त्यानंतर ३० दिवस असे असतात की डोमेन परत मिळतं, पण वर भरभक्कम दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर ते जगात कुणीही घेऊ शकतं. आम्ही अजून पहिल्या टप्प्यात होतो, पण तो संपायला किती दिवस उरलेत हे खात्यात शिरल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि खातं बंगळुरूला.

जुना नंबर बंद. शेवटी मेहुण्यांना घेऊन विडी घरकुलात त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईनं आधी पाणी दिलं, मग चहा, मग नंबर. पोरगा बिचारा घाबरून गेला. रात्री शिफ्ट संपल्यावर त्यानं जुनं जीमेल उघडलं, तर नूतनीकरणाची आठवण करून देणारे ईमेल ओळीनं पडलेले. मुदतीच्या महिनाभर आधीचा, आठवडाभर आधीचा, मुदत संपल्यानंतरचा. एकही उघडलेला नाही. पंधरा मिनिटांत पैसे भरून झाले, दुसऱ्या दिवशी ईमेल सुरू झाले. खरेदीदारानं तोवर दुसरीकडं ऑर्डर दिली होती.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. डोमेन घेताना मालक शेजारी बसले पाहिजेत. खातं त्यांच्या हातानं उघडायचं. नोंदणी कंपनीच्या नावानं, मोबाइल नंबर कंपनीचा, पैसे कंपनीच्या कार्डावरून. खात्याला जोडलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा ठेवायचा नाही. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठं? त्यासाठी एक वेगळं जीमेल ठेवायचं. मी पाच वर्षांचे पैसे एकदम भरायला लावतो आणि पावती छापून जीएसटीच्या कागदांच्या फाइलीत लावायला सांगतो. जागेचा उतारा जिथं ठेवता, तिथंच ही पावती.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर भांडण काढू नका. त्या माणसाला बोलवा, समोर बसवा, नोंदणीतलं नाव आणि ईमेल बदलून घ्या. एक लक्षात ठेवा, नवीन नोंदणी झाल्यावर किंवा एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडं नेल्यावर डॉट कॉम डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडं हलवता येत नाही. म्हणून हे काम मुदत संपायच्या आठवड्यात काढू नका. आज काढा.

“डिझाइन दाखवा, मजकूर नंतर देतो”

हे वाक्य ऐकलं की मी काम सुरूच करत नाही. त्यामुळं काही कामं गेली, चालतंय.

घाई कुठून येते ते मला कळतं. पाडव्याला उद्घाटन करायचं असतं, पाहुणे बोलावलेले असतात, आणि हातात आठ दिवस असतात. साइट उभी करायला आठ दिवस पुरतात, तुमच्या धंद्याबद्दल धड लिहायला पुरत नाहीत. मग पहिल्या पानावर येतं ‘गुणवत्ता हेच आमचं ध्येय’ आणि ‘ग्राहकांचं समाधान हाच आमचा नफा’. गणवेशवाल्याच्या साइटवर तेच, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्याच्या साइटवरही तेच. हल्ली एआयकडून पाच मिनिटांत चार पानं लिहून आणतात. भाषा गुळगुळीत असते, पण तुमचा माग किती रुंदीचा आणि रंगाईखाना घरचा आहे की बाहेरचा, हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच ना? मग ते आधी कागदावर लिहा.

फोटोंचंही तसंच. एका चादरवाल्यांनी घाईत इंटरनेटवरून फोटो उचलले आणि साइटवर चढवले. मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोटो मोठा करून बघितला, तर चादरीच्या कोपऱ्यावर दुसऱ्याच कारखान्याचं लेबल, तोही आपल्याच गावातला. व्यापारी ह्यांना काहीच बोलला नाही. लेबलवरचं नाव शोधून त्यानं सरळ तिकडं फोन लावला. हे आम्हाला नंतर त्या दुसऱ्या मालकांकडूनच कळलं.

मजकुरासाठी मी एकच गोष्ट करतो. ऑफिसात गिऱ्हाइकांचे फोन जो घेतो, त्याच्या शेजारी वही घेऊन एक दिवस बसतो. टॉवेलच्या कारखान्यात माझी वही अशी भरली होती: जीएसएम किती? ३० बाय ६० इंचात आहे का? कमीत कमी किती नग घ्यावे लागतील? रंग जातो का? आमच्या हॉटेलचं नाव विणून मिळेल का? नमुना पाठवता का, त्याचे पैसे किती? किती दिवसांत माल निघेल? संध्याकाळी वहीत जे उतरलं, तोच साइटचा मजकूर. नुसती उत्तरं भरायची राहतात, आणि ती मालकांनीच भरायची.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. ४०० चा टॉवेल आणि ६०० चा टॉवेल फोटोत सारखेच दिसतात, हातात घेतल्यावर फरक कळतो. साइटवर गिऱ्हाइकाला हात लावून बघता येत नाही, म्हणून आकडा लिहावाच लागतो. निर्यात करायची असेल तर एचएसएन कोड, म्हणजे माल कुठल्या वर्गात येतो त्याचा क्रमांक, तोही द्या. कॉटनचे टेरी टॉवेल ६३०२ खाली येतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद असेल तर ते पहिल्या पानावर लिहा, आणि नसेल तर आधी ती नोंद करून घ्या. इतकी वर्षं कमावलेलं गावाचं नाव आपल्याच साइटवर नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

साइट नवी झाली, ईमेल गेले

दुसऱ्याकडून नवीन साइट करून घेतली की तो डोमेनचे नेमसर्व्हर बदलतो, म्हणजे साइट आणि ईमेल कुठं आहेत हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदी नव्या ठिकाणाहून वाचल्या जायला लागतात. ईमेल कुठं पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी, ज्यांना एमएक्स रेकॉर्ड म्हणतात, त्या जुन्या ठिकाणीच राहतात. साइट छान दिसते आणि ईमेल येणं बंद होतं. मी काहीही बदलायच्या आधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढून मालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो. बदल शनिवारी संध्याकाळी करतो आणि लगेच बाहेरच्या ईमेलवरून एक पत्र पाठवून बघतो. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडं वळवायला विसरू नका, नाहीतर छापलेल्या कॅटलॉगवरचा क्यूआर कोड कुठंच जात नाही.

बाकीच्या चुका

डोमेनचं नाव फोनवर सांगताना दोनदा स्पेलिंग सांगावं लागत असेल तर ते नाव घेऊ नका. परवडत असेल तर डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घ्या.

साइटच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ दिसत असेल तर एसएसएल प्रमाणपत्र (साइटवर येणारी-जाणारी माहिती मधे कुणाला वाचता येऊ नये म्हणून लागतं ते) नाही किंवा त्याची मुदत संपलीय. जुलै २०१८ पासून क्रोम अशा प्रत्येक साइटवर तसा शिक्का मारतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि आपोआप नवं होतं. साध्या माहितीच्या साइटला नुसत्या एवढ्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर कशाचे ते विचारा.

साइट तीन महिने झाले तरी गुगलवर दिसत नाही? साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर केली असेल तर त्यात सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची एक टिक असते. काम चालू असताना ती लावतात आणि काढायची विसरतात. मी सगळ्यात आधी तिथं बघतो, आणि कितीतरी वेळा दुरुस्ती तिथंच संपते.

मोठ्या कॅमेऱ्याचा सहा एमबीचा फोटो आहे तसा चढवू नका. साइट पास करायच्या आधी मी साधा फोन घेऊन एसटी स्टँडवर जातो आणि मोबाइल डेटावर उघडून बघतो. ऑफिसातल्या वायफायवर सगळ्याच साइट पळतात.

प्रेसवाल्याकडून आलेला मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो तसाच चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये (फोनवर आपण ज्यात मराठी लिहितो ते) परत टाइप करून घ्या आणि एकदा शांतपणे वाचा.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड असाल तर कंपनी कायदा २०१३ खालच्या नियमांनुसार कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि संपर्काच्या व्यक्तीचं नाव पहिल्या पानावर लागतं. सीएंना विचारून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिल्या पानावरचे सरकते फोटो मला पटत नाहीत. दुसरा फोटो येईपर्यंत गिऱ्हाईक खाली गेलेलं असतं.

आणि चौकशीचा फॉर्म. तो भरल्यावर कुठल्या ईमेलवर जातो आणि तो ईमेल रोज कोण उघडतं, हे मालकांना माहीत पाहिजे. मी ज्या साइट सांभाळतो त्यांचे फॉर्म दर महिन्याच्या १ तारखेला स्वतः भरतो आणि ऑफिसात फोन करून विचारतो, आला का. मागं एका नव्या ठिकाणी पहिल्यांदाच असा फोन केला. तिथल्या अकाउंटंटनी बराच वेळ पासवर्ड शोधला, ईमेल उघडला आणि म्हणाले, “हो साहेब, तुमचा आलाय. त्याच्या खाली अजून अकरा आहेत, तेही तुम्हीच पाठवलेत का?” मी एकच पाठवला होता. मालकांनी जेवण बाजूला ठेवून एकेकाला फोन लावायला घेतले. सगळ्यात जुनी चौकशी चार महिन्यांपूर्वीची होती.