विझर्डची शाखा निवडताना आधी स्वतःची खोड ओळखा

मी साताऱ्यात लोकांची जीएसटी रिटर्नं भरते आणि रविवारी रात्री गॉब्लिन मारते. जोडीला भाचा असतो, तो पुण्यात. खेळ 'बाल्डर्स गेट ३', संगणकावरचा, फाशांवर चालणारा. भाचा बार्बेरियन, म्हणजे कुऱ्हाड घेऊन आधी घुसायचं आणि विचार नंतर करायचा. मी विझर्ड, म्हणजे जादूगार; त्याला जादूची एक शाखा निवडावी लागते. गेल्या दोन वर्षांत मी चार वेगवेगळ्या शाखा खेळून पाहिल्या, त्यातली पहिली साफ चुकली. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे त्या चुकीपासूनच लिहिते.

पहिल्या खेळात नेक्रोमन्सी, म्हणजे मेलेल्यांची जादू घेतली. कारण काय, तर सांगाड्यांची फौज हवी होती. दुसऱ्या लेव्हलला शाखा निवडली आणि फौजेची वाट बघत बसले. त्या लेव्हलला नेक्रोमन्सी देते काय? तुमच्या स्पेलने, म्हणजे मंत्राने, कुणी मेलं तर थोडे हिटपॉइंट, म्हणजे जीव, परत. लेव्हल आपली, पातळी स्पेलची. पहिल्या पातळीच्या स्पेलला २, स्पेल नेक्रोमन्सीचाच असेल तर ३. आणि शेवटचा घाव दर वेळी भाच्याच्या कुऱ्हाडीचा! पाचव्या लेव्हलला मेलेल्यांना उठवायचा स्पेल आला, तेव्हा आमच्याबरोबर फिरणाऱ्या गेलनेही, म्हणजे खेळातल्याच एका विझर्डने, तोच शिकून घेतला. त्याची शाखा इव्होकेशन, आग-विजेच्या माऱ्याची.

तेव्हा डोक्यात उजेड पडला: शाखा घेतली म्हणजे बाकीच्या शाखांचे स्पेल बंद होत नाहीत. विझर्ड कुठल्याही शाखेचा असो, विझर्डच्या यादीतला कुठलाही स्पेल तो शिकू शकतो. शाखेतून मिळतात त्या दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या लेव्हलच्या खास सवयी. शिवाय स्वतःच्या शाखेचा स्पेल स्क्रोलवरून वहीत उतरवायला निम्मा खर्च येतो. एरवी स्पेलच्या पातळीमागे ५० सोन्याची नाणी लागतात. फायरबॉल तिसऱ्या पातळीचा, म्हणजे १५०, इव्होकेशनवाल्याला ७५. हिशेब माझ्या धंद्याचा असूनही सांगते, या सवलतीसाठी शाखा निवडू नका. पैसे नंतर उतू जातात.

मग निवडायची कशी? शाखेचं वर्णन मिटवा आणि आठवा, गेल्या पाच लढायांत तुमच्या हातून नेमकं काय बिघडलं. खोड तीच राहणार. तिच्यावर पांघरूण घालणारी शाखा घ्या.

माझी खोड अशी की, भाचा मध्ये घुसलाय हे दिसत असूनही मला आगीचा पट्टा मारायचाच असतो. "मावशी, तू मलाच भाजलंस!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की ती आता घरातली म्हण झालीय. अशांसाठी इव्होकेशन. दुसऱ्या लेव्हललाच असं होतं की इव्होकेशनचा स्पेल आपल्या माणसांना लागतच नाही. बर्निंग हँड्स, थंडरवेव्ह, पुढे फायरबॉल, सगळं खुशाल भाच्याच्या डोक्यावर. पण दोन खड्डे लक्षात ठेवा. एक, संरक्षण फक्त इव्होकेशनच्या स्पेलला आहे. विषारी ढग सोडणारा क्लाउडकिल कॉन्ज्युरेशनचा, तो मित्र-शत्रू बघत नाही. दोन, स्पेलमुळे फुटलेलं तेलाचं पिंप हा स्पेल नव्हे. हे शिकायला मला भाच्याचा एक पूर्ण रविवार खर्ची घालावा लागला.

इव्होकेशनची सहाव्या लेव्हलची देणगी मात्र नावापुरती. शत्रू कँट्रिपमधून, म्हणजे कितीही वेळा मारता येणाऱ्या छोट्या स्पेलमधून, वाचला तरी अर्धं नुकसान होतं खरं, पण फक्त सेव्हिंग थ्रो, म्हणजे शत्रूचा बचावाचा फासा, मागणाऱ्या कँट्रिपला. आपण सगळे ज्याच्यावर दिवस काढतो तो फायर बोल्ट नेम धरून मारायचा असतो, त्याला ती लागू नाही. दहाव्या लेव्हलला मात्र चांदी आहे. इव्होकेशनच्या नुकसानीत बुद्धीचा बोनस मिळवला जातो, आणि मॅजिक मिसाइलच्या प्रत्येक बाणाला तो वेगळा लागतो. बुद्धी २० असेल तर बोनस ५. एरवी २ ते ५ नुकसान करणारा बाण ७ ते १० करतो, आणि पहिल्या पातळीच्या स्पेलला बाण तीन. नेम चुकण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी खोड: पुढे जाऊन मार खाणं. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष, लावून धरून ठेवलेला स्पेल दर दुसऱ्या टर्नला तुटतो, नंतर चिडचिड होते. त्यांनी अ‍ॅब्ज्युरेशन घ्यावी. या शाखेत अंगाभोवती एक कवच असतं. लाँग रेस्टनंतर, म्हणजे रात्रीच्या झोपेनंतर, त्याचा आकडा तुमच्या विझर्ड लेव्हलइतका होतो. घाव बसला की तेवढं नुकसान कमी होतं आणि आकडा एकाने उतरतो. अ‍ॅब्ज्युरेशनचा स्पेल मारलात की स्पेलच्या पातळीइतका परत चढतो, लेव्हलच्या दुपटीपर्यंत. म्हणजे पाचव्या लेव्हलला सकाळी ५ आणि जास्तीत जास्त १०. सकाळी तळावरच मेज आर्मरचा स्पेल मारला की एक चढला, लढाईत शील्डचा स्पेल वापरला की आणखी एक. मारकी बाजू लंगडी पडते असं लोक म्हणतात, पण ग्लिफ ऑफ वॉर्डिंग हा स्पेल याच शाखेचा आहे आणि तो चांगला फोडतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकट्याने खेळताना यासारखी निर्धास्त शाखा नाही. गॉब्लिन बाण मारत राहतात आणि आपण चहा पिऊन येतो.

तिसरी खोड सांगायला लाज वाटते, पण आहे. फासा वाईट पडला की लगेच जुना सेव्ह उघडणं. अशांना डिव्हिनेशन. रोज दोन फासे आधीच पडून हातात मिळतात. लढाईत कुणाचाही हल्ल्याचा किंवा सेव्हिंग थ्रोचा फासा पडला की त्याजागी तुम्ही आपला ठेवायचा. ३ पडलाय म्हणून रडू नका, सोनं आहे ते. समोरच्या म्होरक्यावर होल्ड पर्सन, म्हणजे जागीच जखडणारा स्पेल, मारा आणि त्याच्या फाशाजागी तो ३ ठेवा. मात्र रिअ‍ॅक्शनच्या, म्हणजे दुसऱ्याच्या चालीवर आपण मध्ये करायच्या गोष्टींच्या, सेटिंगमध्ये जाऊन 'आधी मला विचार' असं करून ठेवा, नाहीतर फासा कुठे गेला ते कळणार नाही. आणि संभाषणातल्या गोडबोलेपणाच्या फाशाला हे चालत नाही, तिथे नशीबच.

बाकीच्यांचं थोडक्यात. एन्चांटमेंट गंमतीची, पण तिच्या हिप्नॉटिक गेझसाठी, म्हणजे शत्रूला भुलवणाऱ्या नजरेसाठी, त्याच्या अंगाला अंग लावून उभं राहावं लागतं. विझर्डने ते का करावं? इल्युजन चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांना. कॉन्ज्युरेशनवाल्याला पाणी पाडता येतं. भिजलेल्याला विजेचा झटका दुप्पट बसतो हे खरं, पण पाण्याची बाटली फेकूनही माणूस भिजतो. ब्लेडसिंगिंग एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये आली. तलवार हातात धरून नाचायची हौस असेल तर घ्या, पण मग हातात ढाल नाही आणि अंगावर जड चिलखत नाही.

ट्रान्सम्युटेशन स्वतः घेऊ नका, भाड्याच्या माणसाला द्या. तळावर तो हाडकुळा विदर्स असतो ना, त्याच्याकडून १०० नाण्यांत एक विझर्ड ठेवून घ्यायचा, त्याला ही शाखा आणि मेडिसिनचं कसब द्यायचं, आणि औषधं त्याच्याच हातून करून घ्यायची. फासा १५ किंवा त्याच्या वर गेला की एका सामग्रीत दोन बाटल्या. घरी लोणचं घालायला बाई ठेवावी तसं.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर कागदावर घोळ घालू नका, लढून बघा. विदर्स तुम्हाला पहिल्या भागात पडक्या देवळाखालच्या तळघरात सापडतो आणि नंतर तळावर येऊन उभा राहतो. १०० नाणी घेऊन तो तुमचा क्लास, शाखा सगळं पुसून नव्याने निवडू देतो. उजाड गावात छपरांवर गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. त्या गावात शिरायच्या आधी सेव्ह करा. एकदा इव्होकेशनने लढा. सेव्ह उघडा, विदर्सकडे जा, अ‍ॅब्ज्युरेशन घ्या, परत तीच लढाई. मग डिव्हिनेशन. प्रत्येक वेळी जुना सेव्ह उघडल्यामुळे नाणीही जात नाहीत. जिंकलात का हे बघू नका, कधी ना कधी जिंकताच. कुठल्या वेळी तुमचा हात आपोआप त्या शाखेच्या बटणाकडे गेला ते बघा. मला डिव्हिनेशनच्या लढाईत फासे आहेत हे लढाई संपल्यावर आठवलं. ती शाखा तिथेच बाद.

आणि हो, चौघांत बोलणी करायला तुम्हीच पुढे होत असाल तर विझर्ड घ्यायचा का, हेच आधी ठरवा. विझर्डची भिस्त बुद्धीवर, बोलणाऱ्याची करिश्म्यावर. सॉर्सरर आणि वॉरलॉक हे दुसरे जादूवाले करिश्म्यावर चालतात, त्यांची शाखा पहिल्याच लेव्हलला निवडायची असते. वॉरलॉकचे स्पेल थोडे, पण छोट्या विश्रांतीनेही भरतात. सारखं झोपायला नको.

सध्या मी अ‍ॅब्ज्युरेशन खेळतेय. काल भाच्याने विचारलं, "मावशी, कवच चढलंय ना? मग तू जा पुढे." कुऱ्हाड घेऊन तो माझ्या मागे उभा होता.