सिंगालीलाच्या धुक्यात जाण्याआधी: दुर्बीण, प्रत्येकी एक

सॅक, बूट, थर्मल, कानटोपी, टॉर्च हे तुम्ही घेणारच आहात, त्यावर शाई वाया घालवत नाही. यादीत पहिली दुर्बीण. दुसरीही दुर्बीण. गटात चौघं असाल तर चार दुर्बिणी. एकीत चौघांनी भागवायचं ठरवलं असेल, तर लाल पांडा ज्या झाडावर बसला होता ते झाड तेवढं बघून याल.

आपल्याकडचे बहुतेक लोक संदकफू शिखराचा ट्रेक म्हणून तिकडे जातात आणि वाटेत जंगल लागतं, एवढंच धरून चालतात. उलट आहे. सिंगालीला राष्ट्रीय उद्यान दार्जिलिंग जिल्ह्यात नेपाळच्या हद्दीला चिकटून आहे, जेमतेम 78.6 चौरस किलोमीटरचं, आणि 1992 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. एवढ्याशा पट्ट्यात लाल पांडा, काळं अस्वल, भेकर, ट्रॅगोपान आणि ब्लड फेझंटसारखे रानकोंबड्यांचे भाऊबंद आहेत. आणि धुकं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात असतं तसं दिवसभर एकसारखं बसलेलं नव्हे, दरीतून उठून अंगावर येणारं आणि अर्ध्या मिनिटासाठी उघडणारं. त्या अर्ध्या मिनिटात जे दिसायचं ते दिसतं. म्हणून प्रत्येकी एक दुर्बीण.

गणित साधं आहे. लाल पांडा मांजरापेक्षा थोडा मोठा, वजन तीन ते सहा किलो. पाठ तांबूस, पोट काळं. ओक आणि फरच्या फांद्यांवर तिथे लालसर शेवाळं आणि पांढरं दगडफूल इतकं लोंबत असतं, की झोपलेला पांडा म्हणजे शेवाळ्याचा आणखी एक गोळा. गाईड बोट दाखवतो, तुम्ही "कुठे, कुठे" करता, मग मित्राच्या गळ्यातली दुर्बीण मागता. त्याच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं, त्याचा नंबर वेगळा, म्हणून नळ्या जवळ-लांब करा, फोकस फिरवा, फांदी शोधा. यात वीस सेकंद जातात. तोवर पांढरा पडदा. आणि गाईडकडे असते ना दुर्बीण? असते. ती त्याला लागते. मोबाईलचा झूमही या कामाला नाही, धुक्यात तो फक्त करडा रंग मोठा करून दाखवतो.

कोणती घ्यायची? 8×42. डोकं न चालवता हीच. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: इथे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या 8×21 मध्ये तीच अडीचच्या आसपास येते, आणि धुक्यातल्या ओकच्या रानात सकाळी सहाला तिच्यातून अंधार दिसतो. दहा पटीची घेऊ नका. चढ चढून धापा टाकताना हात थरथरतो आणि दहा पट थरथरलेला पांडा कामाचा नसतो. "10 ते 30 पट झूम" लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी तर दुकानातच राहू द्या. जलरोधक आणि आत नायट्रोजन भरलेली हवी, नाहीतर आतल्या बाजूने वाफ धरते आणि ती तुम्हाला तिथे पुसता येत नाही. चष्मा असेल तर डोळ्यापासून निदान 15 मिलिमीटर लांबूनही पूर्ण चित्र दिसेल अशी बघा आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवून ठेवा. विकत घ्यायची नसेल तर मित्राकडून, पक्षिनिरीक्षण करणाऱ्या मावशीकडून, कुणाकडूनही मागून आणा. पण आणा.

ती घरीच लावून घ्यायची, तिथे नाही. गॅलरीत उभं राहून समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या पाटीकडे बघा. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, वर चिकटपट्टीचा तुकडा लावलात तर सॅकमध्ये घासून हलणार नाही. पुढे फक्त मधलं चाक. मग चार-पाच दिवस समोरच्या झाडावरचे कावळे बघा. नजर कावळ्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची, दुर्बीण लावून मग कावळा शोधायचा नाही. ही सवय लागली नाही तर महागातली दुर्बीणही गळ्यातला दगड.

आणि गळ्यातच ठेवायची. सॅकमधली दुर्बीण म्हणजे नसलेली दुर्बीण. पट्टा आखूड करून छातीवर घ्या, पोटावर लोंबकळणारी प्रत्येक पायरीला आपटते. रात्री लॉजच्या चुलीजवळ शेकायला बसाल तेव्हा तिला आत आणू नका. उबदार, दमट स्वयंपाकघर आणि बाहेरची थंडी यांत ती ये-जा करू लागली, की भिंगांवर पाणी धरतं. झिपच्या पिशवीत बंद करून थंड खोलीतच ठेवा. चालताना मफलर नाकावर ओढलात तर श्वास वर जाऊन डोळ्याकडची भिंगं धुरकटतात, तेव्हा बघायच्या क्षणी मफलर खाली. पुसायला चष्म्याचं मऊ फडकं, तेही आधी फुंकर मारून धूळ उडवल्यावर. लोकरी मफलरने पुसणाऱ्यांना काय म्हणावं!

आता बाकीचं. कपडे तीन थरांत, हे सगळ्यांना माहीत असतं. सहसा माहीत नसतं ते हे, की सळसळणारा नायलॉनचा पाँचो घालून जनावर दिसत नाही. पावसासाठी तो हवाच, पण नुसत्या धुक्यात वर मऊ फ्लीस ठेवा. हातमोजे दोन जोड: जाड रात्रीसाठी, पातळ दिवसा, कारण जाड बोटांनी फोकसचं चाक फिरत नाही. सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं आणि धुक्याचं पाणी तिथूनच शिरतं. म्हणून आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळं. मोजे निदान चार जोड, तिथे धुतलेलं वाळत नाही.

हंगामाचं: उद्यान साधारण 16 जून ते 15 सप्टेंबर बंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ, कांचनजंगा दिवसभर समोर. एप्रिल-मेमध्ये गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो, सकाळी नऊ-दहापर्यंत उघडं आणि मग ढग वर येतात. याचा अर्थ नाश्ता करून आरामात निघणाऱ्याला जंगल दिसत नाही. पांडा तसाही पहाटे आणि संध्याकाळीच हलतो, थंडीच्या सकाळी झाडाच्या शेंड्याकडे ऊन खात बसतो. पहाटे पाचला बाहेर. चहा नंतर.

कागद: मूळ ओळखपत्र, शक्यतो पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. वाट हद्दीच्या या-त्या बाजूला होत राहते आणि सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ते दाखवावं लागतं. झेरॉक्स चार-पाच. ट्रेक जिथून सुरू होतो त्या मानेभंजांगला गाईड घेणं सक्तीचं आहे, उद्यानाचं तिकीट आणि कॅमेऱ्याचे पैसेही तिथेच. गाईड घेताना "संदकफू करायचंय" असं म्हणू नका, "पांडा आणि पक्षी बघायचेत" असं म्हणा. दोन्हींचे गाईड वेगळे निघतात. पहिला तुम्हाला वेळेत वर पोचवतो. दुसरा वाटेत थांबतो, फांद्यांवरची विष्ठा आणि मालिंगो बांबूची कुरतडलेली पानं दाखवतो.

मोबाईलचं एक. नेपाळचा टॉवर पकडला की घड्याळ 15 मिनिटं पुढे जातं आणि रोमिंगचे पैसे लागतात ते वेगळेच. आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, डेटा रोमिंग बंद करा. "सहाला भेटू" म्हणून अर्धा गट पावणेसहाला थंडीत उभा, हा तिथला नेहमीचा तमाशा. रोकड सिलिगुडी किंवा दार्जिलिंगलाच काढा, सुट्ट्या नोटांत.

मुक्काम कसे लावायचे यात बहुतेक जण चुकतात. नेहमीचा आराखडा असा: पहिला दिवस मानेभंजांग, चित्रे, मेघमा करत तुमलिंग, दुसरा गैरीबास उतरून पुन्हा चढत कालीपोखरी, तिसरा संदकफू. म्हणजे गैरीबास ते कालीपोखरी, हा जो कैयाकाट्याचा बांबूचा पट्टा पांडासाठी सगळ्यात चांगला, तो तुम्ही भर दुपारी, धुक्यात, पुढच्या जेवणाचा विचार करत पार करता. एक रात्र वाढवा. गैरीबास किंवा कालीपोखरीला दोन रात्री राहा आणि मधला पूर्ण दिवस त्याच पट्ट्यात पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा हळू फिरा. रजा कमी असेल तर संदकफूच्या पुढचं फालुट सोडा, ही रात्र सोडू नका. 2003 साली दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या दोन माद्या गैरीबासच्या जंगलात सोडल्या होत्या, त्या उगाच नाही. बांबू, झाडाच्या ढोल्या आणि पाणी, तिन्ही तिथे एका जागी आहे.

हळू जाण्याला दुसरंही कारण आहे. कळसूबाई 1646 मीटर, संदकफू 3636. सह्याद्रीत दम न लागणाऱ्यालाही इथे डोकं दुखू शकतं, कारण उंची फिटनेस विचारत नाही. मानेभंजांगहून जीपने एका दिवसात वर जाणाऱ्यांना तर जास्तच. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथवर असेल तर चढणं थांबवा. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की काही, खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आवर्जून सांगून. पाणी तीन लिटर दिवसाला, थंडीत तहान लागत नाही तरी. संदकफूवर पाण्याची टंचाई असते, गरम पाण्याची बादली मागताना ते लक्षात असू द्या.

जेवायला डाळभात, बटाटा, अंडी, वायवाय नूडल्स मिळतं, उपाशी राहणार नाही. घरून मेतकूट न्या. तिसऱ्या दिवशी गरम भातावर त्याची किंमत कळते. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू खिशात. वाटेतल्या कुत्र्यांना मात्र काही घालू नका. बिस्किटाच्या आशेने ती मैलोनमैल मागे येतात, जंगलात शिरून पांडाच्या मागे लागतात, आणि त्यांच्यातला डिस्टेंपर हा रोग पांडालाही होतो. लोक याला "किती गोड, आपल्यासोबत ट्रेक करतोय" म्हणतात आणि फोटो टाकतात.

जंगलात ब्लूटूथ स्पीकर नको, फ्लॅश नको, पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावणं नको, ड्रोन तर नकोच. पांडा दिसला तर झाडाखाली जाऊन उभे राहू नका, तो वर जाऊन दिसेनासा होतो. लांबूनच बघा. त्यासाठीच प्रत्येकी एक, हे परत सांगतोय.

संदकफूहून फालुट 21 किलोमीटर, बहुतेक उघड्या धारेवरून, वाटेत जवळपास काही मिळत नाही. डबा आणि पाणी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. फालुट सोडत असाल तर गुर्दुममार्गे श्रीखोला. उतार गुडघे काढतो, काठ्या दोन घ्या. खाली ओल्या रानात जळवा, मीठ किंवा तंबाखूचं पाणी. रिंबिकहून दार्जिलिंगच्या जीप सकाळी लवकर सुटतात, सीट आदल्या संध्याकाळीच सांगा, पुढची मागा. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. रस्ता अडतो आणि हिवाळ्यात बागडोगऱ्याच्या विमानतळावरही धुकं असतं.