पाणनिवळी बुडत का नाही, घरच्या थाळीत करून बघा

येऊरला ओढ्याकाठी बसलं की पाण्यावर सरसर पळणारे लांब टांगांचे किडे दिसतात ना, त्या पाणनिवळ्या. लेकीने विचारलं, बाबा हे बुडत का नाहीत? मी आपलं ठोकून दिलं, हलके असतात म्हणून. पण मग टाचणी कुठे जड असते, तरी पाण्यात टाकली की तळाशी जातेच ना.

तर घरी असं करा. पसरट थाळीत पाणी घ्या, टिश्यू पेपरचा छोटा तुकडा वर सोडा आणि त्यावर टाचणी आडवी ठेवा. कागद भिजून खाली जातो, नाहीच गेला तर काडीने कडेकडेने दाबा, टाचणी वर राहते. आमची तीनदा बुडाली, नंतर कळलं की थाळीला भांडी घासायचा साबण राहिला होता, चांगली खळबळून धुतली तेव्हा कुठे जमलं.

आता डोळे पाण्याच्या लेव्हलला आणून बघा, टाचणीखाली पाणी गादीसारखं दबलेलं दिसेल. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात म्हणून वरचा थर ताणलेला असतो, दबला की तो परत सपाट व्हायला बघतो आणि टाचणीला वर ढकलतो. हाच पृष्ठताण. निवळीच्या पायांवर तर बारीक केस असतात, त्यांत हवा अडकते आणि पाय ओलाच होत नाही. २००४ साली चीनमधल्या संशोधकांनी मोजलं तर एकटा पाय तिच्या वजनाच्या साधारण १५ पट भार पेलत होता!

शेवटी काडीला साबण लावून पाण्याला टेकवा. टाचणी गपकन खाली. (हे फक्त थाळीत हां, ओढ्यात साबण नको, बिचाऱ्या खरंच बुडतील.)

मग ऊन पडल्यावर परत ओढ्यावर जा, पाणी उथळ आणि संथ असेल तिथे. पुढचे आखूड पाय शिकार धरायला, मधले वल्ह्यासारखे, मागचे दिशा बदलायला. मधल्या पायांचा फटका बसला की पाण्यात छोटे भोवरे मागे जातात आणि ही पुढे सुटते. पण खरी गंमत तळाशी असते, निवळीकडे नाही तर तिच्या सावलीकडे बघा. पाय सुतासारखे आणि सावल्या मात्र गोल गोल टिकल्यांएवढ्या, कारण पायाखाली पाणी दबून जो खड्डा पडतो ना, तो ऊन बाजूला वळवतो. लेक त्या टिकल्याच मोजत बसली होती.