सांगलीत बसून एफए कपचा सीझन फॉलो कसा करायचा

एफए कप म्हणजे इंग्लंडची फुटबॉलची नॉकआऊट स्पर्धा. बरेच जण लिव्हरपूल नायतर मँचेस्टर युनायटेडचे फॅन म्हणून ती बघायला घेतात आणि आपली टीम हरली की ॲप बंद. नॉकआऊटमध्ये हे होणारच, एक मॅच गेली की विषय संपला. त्यामुळं माझी पद्धत अशी की एक बारकी टीम धरायची आणि तिला जो हरवेल तो पुढच्या राऊंडपासून आपला, म्हणजे फायनलपर्यंत आपण आत.

सीझन तसा ऑगस्टमध्येच चालू होतो, पण ते पात्रता फेऱ्यांचं सगळं बघत बसलात तर घरचे बाहेर काढतील. सरळ जानेवारीत थर्ड राऊंडला बसा. तेव्हा प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या चॅम्पियनशिप लीगच्या 44 टीम येतात, खालनं जिंकत आलेल्या 20, झाल्या 64. तिथनं फायनल धरून सहा मॅच. टीम निवडताना त्या 20 मधलीच घ्या, मजा तिथंच आहे.

आता गणपती पेठेतनं एक कार्डशीट आणा, पण वर्ल्ड कपसारखा पूर्ण तक्ता आधीच आखू नका, वाया जाईल. आपल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत एकदा लॉट पाडले की फायनलपर्यंतचा रस्ता कळतो, इथं प्रत्येक राऊंडचा ड्रॉ वेगळा, नंबरचे गोळे काढतात, मानांकन वगैरे काय नाय, पहिला निघेल तो घरच्या मैदानावर. म्हणून नुसत्या ओळी आखा: राऊंड, आपली टीम, समोरची, स्कोअर.

2024-25 चं बघा. समजा ॲक्रिंग्टन स्टॅनली धरली, चौथ्या लेव्हलची टीम. ती लिव्हरपूलकडनं 4-0 हरली, झाला आपला लिव्हरपूल. पुढच्याच राऊंडला त्यांना प्लिमथनं 1-0 उडवलं, आणि प्लिमथ तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये तळाला होती राव! मग प्लिमथला मँचेस्टर सिटीनं 3-1 हरवलं, सिटीनं बोर्नमथ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला काढलं, आणि 17 मे 2025 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एझेच्या एका गोलवर क्रिस्टल पॅलेसनं सिटीला. पॅलेसचा गोलकीपर हेंडरसननं पेनल्टी पण अडवली त्यात. ॲक्रिंग्टनपासनं निघून आपण फायनलपर्यंत आत.

टायमिंगचा घोळ लक्षात ठेवा. तिकडं दुपारी 3 ची मॅच थंडीत आपल्याकडं रात्री 8:30 ला, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढं गेली की 7:30 ला. थंडीत रात्री 8 ची म्हणजे आपले 1:30 आणि तारीख पण बदललेली, मंगळवारची मॅच बुधवारी लागते, अलार्म तसा लावा. 2024-25 पासनं फर्स्ट राऊंड धरून पुढं रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली की परत खेळायची मॅच, बंद केलेत, बरोबरी झाली की 30 मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी, तेव्हा दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जायचं असेल तर एक तास जादा धरून चाला. रिप्ले काढले ते मला काय पटलं नाय, बारक्या क्लबला मोठ्या मैदानावरच्या दुसऱ्या मॅचच्या तिकिटांचे पैसे मिळायचे.

ग्रुपमध्ये खेळायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून टीम वाटा. पुढं पुढं दोघातिघांची एकच टीम होत जाते आणि फायनलला अख्खा ग्रुप दोन बाजूंना पडतो. हरलेल्या बाजूनं भडंग आणायचं, पैसे लावायचे नाहीत.