बगॅसच्या कोळशाने पाण्यातलं शिसं, क्रोमियम काढताय? या चुका टाळा

बगॅस (उसाचं चिपाड), पऱ्हाटी, तुराट्या, नारळाच्या करवंट्या, आपल्याकडे कोळशासाठी कच्च्या मालाला तोटाच नाही, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेणारे बरेच असतात आणि विषय खरंच कामाचा आहे. फक्त रिपोर्टमध्ये ९९ टक्के रिमूव्हल लिहायच्या आधी एवढं बघा की धातू पाण्यातून गेला तो नक्की गेला कुठे.

सगळ्यात जास्त घोळ पीएचचा होतो. कोळशात राख असते, राखेत पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार असतात, त्यात तुम्ही तो केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) ॲक्टिव्हेट, म्हणजे जास्त सच्छिद्र केलेला आणि धुतलाय घाईघाईत, मग लेड नायट्रेटच्या द्रावणात टाकला की पीएच ५ वरून सहज ८-९ ला जाऊ शकतो, द्रावण जरा दुधाळ दिसायला लागतं आणि शिसं साका होऊन खाली बसतं. गाळून एएएसला (धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्राला) लावलं की रीडिंग जवळपास शून्य! पण हे काम कोळशाच्या पृष्ठभागाने केलंच नाही, तेवढंच काम चिमूटभर चुन्यानेही झालं असतं. म्हणून कोळसा न घालता, शेवटी जो पीएच आला तोच ठेवून एक ब्लँक चालवा, त्यातही शिसं गायब झालं तर काय ते समजून जा. शिशासाठी पीएच ५ च्या आसपास धरा, सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही लिहून ठेवा. आणि कोळसा गरम डिस्टिल्ड वॉटरने धुवा, धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत. झिंक क्लोराइड किंवा फेरिक क्लोराइड वापरलं असेल तर धुवणाचे दोन-चार थेंब सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकून बघा, पांढरट गढूळपणा आला म्हणजे क्लोराइड अजून शिल्लक आहे, परत धुवा.

क्रोमियममध्ये वेगळीच गंमत होते. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) पीएच २ ला मस्त उतरतं, सगळे तेच करतात, पण ॲसिडमध्ये कोळसाच त्याचं ट्रायव्हॅलंट (कमी विषारी रूप) करून टाकतो आणि त्यातलं बरंचसं पाण्यातच राहतं. डायफिनाइल कार्बाझाइड फक्त हेक्झाव्हॅलंटलाच जांभळट रंग देतं, त्यामुळे रंग आला नाही की पोरं क्रोमियम संपलं म्हणून मोकळी होतात. टोटल क्रोमियम एएएसवर मोजल्याशिवाय काहीही लिहू नका. विषारीपणा कमी झाला हे खरं आणि तेही महत्त्वाचंच, पण "विष कमी झालं" आणि "धातू काढला" हे दोन वेगळे दावे आहेत.

आर्सेनिकला साधा कोळसा फारसा धरत नाही, कारण आर्सेनेटवर (पाण्यातल्या आर्सेनिकच्या एका रूपावर) निगेटिव्ह चार्ज आणि बहुतेक वेळा कोळशावरही, म्हणून लोखंडाचा लेप द्यावा लागतो. त्यातही बोअरच्या पाण्यातलं आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकचं दुसरं रूप, चार्ज नसलेलं असतं, ते आधी ऑक्सिडाइज केलेलं बरं.

गाळण्याकडे पण लक्ष द्या. बारीक काळी भुकटी साध्या फिल्टर पेपरमधून निसटते, सॅम्पलमध्ये ॲसिड घातलं की तिने धरलेलं शिसं परत सुटतं आणि रीडिंग उगाच वाढतं. ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन वापरा.

आता टक्क्यांचं. १०० मिलिग्रॅम प्रति लिटरवरून ९९ टक्के काढलं तरी १ मिलिग्रॅम उरतं आणि पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाची शिशाची मर्यादा आहे ०.०१, म्हणजे अजून शंभर पट जास्त! त्यामुळे उरलं किती ते लिहा. डिस्टिल्ड वॉटरवर भागवू नका, विहिरीच्या जड पाण्यात शिसं मिसळून तीच टेस्ट करा, कॅल्शियम-मॅग्नेशियम जागा अडवतात आणि क्षमता कमी होऊ शकते. आणि टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या) तर अजिबात विसंबू नका, एवढंसं शिसं त्याला कळतच नाही.

वापरून झालेला कोळसा कुंडीत, शेतात किंवा कंपोस्टमध्ये टाकायचा नाही, "बायोचार (जमिनीत घालायचा कोळसा) आहे, खतच होईल" असं म्हणणारे भेटतात, ऐकू नका. झाकणाच्या डब्यात भरून धातूचं नाव लिहा आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्या. ॲसिडने धुऊन परत वापरणार असाल तर ते ॲसिडही त्याच कचऱ्यात जाईल, सगळं शिसं आता त्यातच आहे.